चावी ठेवली, चिठ्ठी नेली

लातूरला आमच्या गल्लीत तेव्हा नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं आणि वीज रोज ठरल्या वेळी जायची. त्यामुळे केबलवाला दारात उभा राहून म्हणाला, "ताई, ह्ये इंटरनेट चोवीस तास चालू राहतंय बघा. फोनवानी लावायचं न् तोडायचं न्हाई," तेव्हा मला हसूच आलं. चोवीस तास चालू राहणारी वस्तू आमच्या गल्लीनं तोवर पाहिली नव्हती. मी म्हटलं, लावा.

टीव्हीची केबल जशी आणली होती तशीच त्यानं ही वायर गच्चीवरून गच्चीवर आणली. महिन्याभरात गल्लीतली बारा घरं त्या वायरीवर आली. कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकानही आलं. आम्ही सगळे एकाच वायरीला जोडलेले आहोत, हे मला माहीत होतं. त्याचा अर्थ काय होतो, हे मात्र माहीत नव्हतं.

मला कॉम्प्युटर लागायचा तो टायपिंगसाठी. लातुरात कोचिंग क्लासेसची चलती होती. जून आला की जळकोट, उदगीर, निलंग्याकडून, पार नांदेडकडूनही मुलं गादी आणि पत्र्याची पेटी घेऊन उतरायची, आणि आमच्या गल्लीतल्या प्रत्येकानं त्यांच्यासाठी वर एक खोली काढलेली असायची. मी जीवशास्त्राच्या एका सरांसाठी पेपर टाइप करायचे. दर रविवारी त्यांची परीक्षा असे. गुरुवारी त्यांच्या हातचे कागद यायचे, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत माझं टायपिंग व्हायचं, शनिवारी झेरॉक्स. सरांची अट एकच होती. रविवारी सकाळी वाटला जाईपर्यंत पेपर कुणाच्या नजरेला पडता कामा नये. मी तसा शब्द दिला होता आणि त्या शब्दाचा मला भारी तोरा होता. काम चालू असताना मी नवऱ्यालाही पडद्याकडे बघू द्यायचे नाही. त्याला जीवशास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

आता चावीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

भूकंप झाला तेव्हा मी या घरात नुकतीच नांदायला आले होते. औशाच्या पुढे माझ्या नवऱ्याच्या चुलत्यांचं गाव होतं. ते सगळं पडलं. विसर्जनाची रात्र होती, घरोघरी पाहुणे होते. नवरा आणि आमच्या समोरच्या घरातले भाईजान एकाच जीपमधून तिकडे गेले. दगड उपसणारी माणसं प्रत्येक घरापाशी एकच विचारत होती, आत किती जण झोपले होते? आणि बहुतेक घरांचं उत्तर कुणालाच देता येत नव्हतं. दोघं परतले त्या संध्याकाळी भाईजान अंघोळ करून रस्ता ओलांडून आमच्या दारात आले आणि म्हणाले, "आमच्या घरात पाच माणसं झोपतात. दोन पुढच्या खोलीत, तीन मागं. मागच्या तिघांत एक तान्ही पोर हाय. ध्यानात ठेवा."

तिथून ती रीत पडली. गल्लीतल्या प्रत्येक घरानं आपली एक चावी समोरच्या घरात ठेवायची आणि चावीबरोबर एक चिठ्ठी. घरात किती माणसं झोपतात, कुठल्या खोलीत, गॅसचं सिलिंडर कुठे आहे, घराचे कागद कुठल्या पेटीत आहेत, हे सगळं चिठ्ठीत. दरवर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या नव्या लिहायच्या. आमची चावी आणि चिठ्ठी भाईजानांच्या बायकोकडे असायची. तिला सगळी गल्ली आपा म्हणायची. तिची चावी आणि चिठ्ठी माझ्या मसाल्याच्या डब्याशेजारी.

कॉम्प्युटर आला त्या वर्षी मी चिठ्ठीत शेवटी एक ओळ वाढवली. कॉम्प्युटरचा पासवर्ड. घर पडलंच, तर सरांचे पेपर कुणीतरी काढून द्यावेत, असा माझा दूरदर्शीपणा. घर पडल्यावर कॉम्प्युटर कसा शाबूत राहील, एवढा विचार मात्र मी केला नाही.

आणखी एक शहाणपणा मी केला. शनिवारी सीडी घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जायचा मला कंटाळा यायचा. केबलवाल्याच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, "तुमचं फोल्डर शेअर करून देतो, दुकानवाला तिकडूनच उघडंल." त्यानं काहीतरी दाबलं आणि पेपरांच्या फोल्डरच्या चित्राखाली एक छोटा हात आला, जणू कुणी ते तळहातावर धरलंय. तरी दुकानातून उघडेना. "फायरवॉल आडवी येऊन राहिली," तो म्हणाला. "म्हंजे भिंतच म्हणा की. काढू का?" मी म्हटलं, काढा. भिंतींबद्दल आम्हा लोकांना तसंही फार प्रेम उरलं नव्हतं. त्या दिवसापासून मी फक्त फोन करायचे, दुकानवाला आपल्या खुर्चीत बसून माझा पेपर छापायचा. तो छोटा हात त्याचाच, अशी माझी पक्की समजूत होती.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी सर स्वतः आले. चहा नको म्हणाले, तेव्हाच काहीतरी बिघडलंय हे मी ओळखलं.

"वहिनी, शनिवारी मी तुम्हाला पाच प्रश्न बदलायला सांगितले होते."

"हो, मी बदलले. जुने काढून टाकले."

"काढलेला एक प्रश्न रक्ताभिसरणाचा होता. तो छापलाच गेला नाही. आज वर्गात तिघांनी मला त्याच प्रश्नाचं उत्तर विचारलं. शब्द न् शब्द तोच. दुकानात तर बदललेलाच पेपर गेला. जुना फक्त माझ्या वहीत होता आणि तुमच्या कॉम्प्युटरात."

ते आवाज चढवून बोलले असते तर बरं झालं असतं. ते हळूच बोलले आणि निघून गेले. ते तिघं कोण, हे विचारायचं मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर मला विचारायची गरजच वाटली नाही, कारण माझ्या डोक्यात एक नाव आधीच आलं होतं.

भूकंपाच्या वेळी तान्ही होती ती आपाची मुलगी आता बारावीला होती. याच सरांच्या क्लासला जायची. तिला डॉक्टर व्हायचं होतं, आणि चार महिन्यांत ती मधल्या बॅचमधून पहिल्या बॅचमध्ये गेली होती. तिच्या घरात माझ्या पासवर्डाची चिठ्ठी होती. आणि घरात वायर असताना ही मुलगी हल्ली बाजारातल्या नेट कॅफेत जाताना दिसायची. घरी चालू असलेलं इंटरनेट सोडून कॅफेत कशाला जायचं? मी स्वतःशीच उत्तर दिलं, चोरलेलं छापून घ्यायला. एकदा संशयाचा किडा डोक्यात शिरला की माणूस किती हुशार होतो!

दुपारी मी समोर गेले. आपा शिलाई मशीनवर ब्लाउज शिवत होती.

"आपा, आमची चिठ्ठी जरा द्या. बदलायची आहे."

"आत्ताच? गणपती तर लई लांब हायेत." तरी ती उठली, फळीवरचा डबा काढला आणि चावी-चिठ्ठी दोन्ही माझ्यापुढे धरली.

"चावी राहू द्या," मी म्हटलं.

घरी येऊन पासवर्ड बदलला. नवी चिठ्ठी काही मी दिली नाही. चार दिवसांनी मी दारात भाजी घेत होते. आपा तिच्या दारातून म्हणाली, मोठ्यानं नाही, नेहमीच्याच आवाजात, "बाई, चावी ठेवलीस न् चिठ्ठी नेलीस. आता उद्या काही झालं तर मी कुलूप उघडून काय शोधू?" मी देते, देते म्हणत वेळ मारून नेली. तिची चिठ्ठी अजून माझ्या मसाल्याच्या डब्याशेजारी होती, आणि ती परत देण्याइतकीही लाज मला वाटली नव्हती.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण सरांपुढे माझा शब्द गेला होता, आणि तो परत मिळवायची मला घाई झाली होती. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी सरांना फोन करून सांगितलं की माझा पासवर्ड समोरच्या घरात असायचा, आता मी तो बदललाय. आणि त्या घरातली मुलगी तुमच्याकडेच शिकते. मी तिच्यावर आरोप केला नाही, अशी मी नंतर स्वतःची समजूत घालत असे. नाव घेतलं आणि गप्प बसले. आरोप दुसरा कसा करतात?

सरांनी पुढच्या दोन रविवारी त्या मुलीला परीक्षेला वर्गात बसवलं नाही. आपल्या ऑफिसात समोर बसवून तिला वेगळा पेपर दिला. ही गोष्ट लातुरात लपत नाही. आधी माझ्या दारावरून जाणारी ती मुलगी आता रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जायला लागली. आपानं चिठ्ठीबद्दल पुन्हा विचारलं नाही. मी मनात म्हणायचे, चोराच्या मनात चांदणं.

आणि तिसऱ्या आठवड्यात सरांचा फोन आला. पेपर पुन्हा बाहेर गेला होता. या वेळी तर मुलांनी पर्यायांचे क्रमसुद्धा पाठ केले होते. पासवर्ड नवा होता, तो कागदावर कुठेच लिहिला नव्हता, आणि आपाच्या मुलीला तर मुळात दुसराच पेपर मिळाला होता. सर म्हणाले, "वहिनी, हे नीट कळेपर्यंत मी टायपिंग दुसरीकडे देतो. राग मानू नका." राग कसला मानणार? काम गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. ती मुलगी नसेल, तर मी काय करून बसले होते?

माझे दादा नांदेडजवळ विष्णुपुरीला राहायचे आणि कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे. फोनवर माझा रडका आवाज ऐकून ते रविवारी पहिल्या एसटीनं आले. येताना अर्धापूरच्या केळ्यांचा अर्धा घड आणला होता, तो ठेवायलाही मी त्यांना नीट जागा दाखवली नाही. त्यांनी कॉम्प्युटर उघडला, फोल्डरकडे बघितलं आणि विचारलं, "बाई, हा हात कोणाचा हाय?"

"झेरॉक्सवाल्याचा," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. म्हणाले, "चल त्याच्या दुकानात."

दुकानात त्यांनी मालकाला बाजूला बसवलं आणि त्याच्या कॉम्प्युटरवर दोनदा क्लिक केलं. पडद्यावर एकाखाली एक नावं आली. आमच्या वायरीवरच्या चालू असलेल्या सगळ्या कॉम्प्युटरांची. त्यात माझं होतं. दादांनी त्यावर क्लिक केलं. माझं फोल्डर उघडलं आणि जूनपासूनचे सगळे पेपर ओळीनं दिसले. मी टाइप केलेल्या शेवटच्या पेपराचा कच्चा मसुदाही होता. पासवर्ड कुणीच विचारला नाही.

"ह्ये गल्लीतल्या कुठल्याबी घरातून असंच दिसतं," दादा म्हणाले. "तुझा पासवर्ड खुर्चीवर बसणाऱ्याला अडवतो. वायरीतून येणाऱ्याला खुर्ची लागत न्हाई."

"पण कॉम्प्युटर तर माझ्या घरात आहे," मी म्हटलं. हे वाक्य आठवलं की आजही मला माझीच कीव येते.

"घरात हाय, पण चोवीस तास वायरीला हाय. तू स्वयंपाक करून राहिलीस तरी त्यो उघडाच. लोडशेडिंग व्हायचं, तेवढाच वेळ तुझे पेपर सुरक्षित होते बघ."

गल्लीतल्या बारा घरांपैकी आठ घरांत वर मुलं राहत होती. त्यातल्या कोण्या खोलीतल्या मुलांना हा खजिना सापडला, हे शोधायला गेलो नाही. मुलांना सापडलं यापेक्षा मी मांडून ठेवलं, हेच खरं होतं. काखेत कळसा आणि मी आपाच्या घराला वळसा घालून आले होते.

घरी येऊन दादांनी आधी तो हात काढला. फायरवॉल परत उभी केली. "तुमच्या लातूरला भिंतीची भीती वाटते ते मला समजतं," ते म्हणाले, "पण ही पडत न्हाई. राहू दे." केबलवाल्यानं छतावर राउटरचा जो डबा लावला होता, त्याचा पासवर्ड कंपनीतून आला तसाच होता, तो बदलायला लावला. कॉम्प्युटर दर काही दिवसांनी अपडेट करू का विचारायचा आणि मी दर वेळी 'नंतर' दाबायचे. ती साचलेली सगळी अपडेट त्यांनी बसवली, त्यात दुपार गेली आणि मधे एकदा वीजही गेली. टायपिंगसाठी एक साधं खातं काढून दिलं, ज्यातून महत्त्वाचं काही बदलता येत नाही. आणि शेवटी म्हणाले, "पेपर टाइप करताना वायर काढून ठेवत जा. झाल्यावर सीडी कर न् दुकानापर्यंत चालत जा. शंभर पावलं हायेत."

शंभरसुद्धा नव्हती. मी मोजली नव्हती कधी, पण नव्हती.

संध्याकाळी मी सरांकडे गेले आणि जसं घडलं तसं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या मुलीला दोन्ही वेगळ्या पेपरांत आधीइतकेच, किंबहुना थोडे जास्तच गुण आले. मी तुम्हाला सांगणार होतो. पुढच्या रविवारपासून ती सगळ्यांबरोबर वर्गात पेपर देईल." त्यांच्या बोलण्यात मला दोष नव्हता, पण मला तो ऐकू आला.

तिथून मी सरळ आपाकडे गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी आपल्या हातानं केलं होतं, आणि संन्यासी समोरच राहत होता. आपा मशीनवरच होती. मी उंबऱ्यातच उभी राहून बोलायला लागले. बसून बोलायचा धीर झाला नाही.

"आपा, पेपर माझ्याच हलगर्जीपणानं फुटत होते. चिठ्ठीचा काही संबंध नव्हता. आणि मी सरांना तुमच्या मुलीचं नाव सांगितलं होतं."

तिनं हातातली शिलाई पुरी केली, धागा तोडला आणि मग मान वर केली.

"म्हाईत हाय मला. तिला हापिसात बसवलं त्याच दिवशी कळलं."

"मग तुम्ही मला काही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तू चिठ्ठी नेलीस तवाच समजले मी." तिनं ब्लाउज बाजूला ठेवला. "बाई, पोरीला तुझे पेपर दिसले व्हते. दिवाळीच्या सुट्टीत. कॉम्प्युटरवर काय तरी शोधून राहिली व्हती, तुझं नाव दिसलं, उघडलं तर पेपर. लगेच बंद केलं न् रडत माझ्याकडं आली. मी म्हणलं, जा, ताईला सांग. तर म्हणली, अम्मी, ताईला वाटंल मीच बघायला गेले. माझ्यावर कोण भरोसा करंल?"

तिनं बरोबर ओळखलं होतं मला.

"मग तिनं वायरच काढून टाकली," आपा म्हणाली. "म्हणली, आपल्या घरातून दिसायलाच नको. दोन महिने झाले. फारम भरायचा असला तरी बाजारात कॅफेत जाऊन राहिली. मी म्हणलं, एवढं कशाला? तर म्हणली, न्हाई."

आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर जुन्या साडीचं झाकण होतं. मागची वायर गुंडाळून ब्लाउजच्या पट्टीनं बांधून खुंटीला अडकवली होती. बारा घरं त्या वायरीवर होती. माझ्या पेपरांची राखण त्यातल्या एकाच घरानं केली होती, आणि मी बोट दाखवलं ते नेमकं त्या घराकडे. मला इतकी शरम वाटली की मी तिथंच खाली बसले. आपानं पाण्याचा तांब्या पुढे केला.

तेवढ्यात मुलगी क्लासहून आली. मला बघून दारातच थबकली. मी उठून तिला जे सांगायचं ते सगळं सांगितलं. चूक माझी, सरांना नाव मी सांगितलं, आजच जाऊन ते मागे घेतलं, पुढच्या रविवारपासून तू सगळ्यांबरोबर वर्गात बसशील, मला माफ कर. ती दप्तर खांद्यावरून न काढता जमिनीकडे बघत ऐकत राहिली. माफ केलं, असं ती म्हणाली नाही, आणि म्हणावं अशी माझी अपेक्षाही नव्हती.

मग ती आतल्या खोलीत गेली, खुंटीवरची वायर काढून हातात घेतली आणि दारात येऊन उभी राहिली.

"ताई, आता तुमचं बंद झालंय ना ते? म्हणजे खरंच दिसत नाही ना कुणाला?"

"नाही दिसत. दादांनी सगळं लावून दिलंय."

"मग मी वायर लावू?"

तिच्या घरातली वायर तिनं लावावी की नाही, हे सांगणारी मी कोण होते? पण ती वायर हातात धरून, मी हो म्हणायची वाट बघत उभी होती.